बाग मामांची, बादली माझी

ताई, नमस्कार.

"बागेला पाणी घालताना मन कसं शांत होत असेल नाही तुमचं!" असं शेजारच्या काकू भिंतीपलीकडून मला रोज म्हणतात. मी हसतो आणि बादली उचलतो. खरं सांगू का, मी कंटाळलोय.

आमचं घर साने गुरुजी वसाहतीत. खाली सासरे, वर आम्ही, त्याच्यावर गच्ची. गच्चीवर ६४ कुंड्या. मोजल्यात मी. सगळ्या मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, रिटायर झाल्यावर लावल्या. गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, जिना बंद झाला आणि बाग न विचारता माझ्याकडं आली. मिस्टर कामाला गोकुळ शिरगावला, शिफ्टमध्ये. मुलगा दहावीत, त्याला कुणी काही सांगायचं नाही. मी शाहूपुरीत एका दुकानात हिशेब लिहितो, दहाला हजर व्हावं लागतं. त्याआधी डबे, धुणं, पाणी भरणं, आणि मग बाथरूममधून बादल्या भरून अठरा पायऱ्या चढून वर. प्रत्येक कुंडीला एक तांब्या, रोज. हा मामांचा नेम.

त्यांना वर येता येत नाही म्हणून व्हिडिओ कॉल लावायचा. एका हातात मोबाइल, एका हातात तांब्या. "अगं त्या अनंताकडं ने, मान टाकलीय बघ त्यानं. मोगऱ्याला घातलंस का? बुडात घाल, पानावर नको." संध्याकाळी चहाला परत तीच उजळणी.

मिस्टर म्हणतात, महिन्याला दोन-दोन कुंड्या वाळू दे, मामांना कुठं कळतंय. मला ते पटत नाही. पण परवा एक शेवंती खरोखरच वाळली आणि मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचीच भीती वाटली म्हणून हे पत्र. बाकीच्या बायकांना बागेत आनंद मिळतो, मला का नाही? माझ्यात काही कमी आहे का?

बादलीवाली

ता. क. मामांचं एक ब्रह्मकमळ आहे. एवढ्या वर्षांत एकदाही फुललेलं नाही. मामा म्हणतात, पाणी कमी पडतंय.

*

वहिनी,

बाहेरगावच्या वाचकांसाठी आधी एक खुलासा: हे पत्र बाईचंच आहे. कोल्हापुरात बायकाही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. मीही घरात तशीच बोलते, छापायचं म्हटलं की तेवढी सुधारते. तुमच्या पत्राला मात्र हात लावला नाही. 'कंटाळलोय'चं 'कंटाळलेय' केलं असतं तर निम्मा जोर गेला असता.

तुम्ही हिशेब लिहिता, म्हणून हिशेबानंच सुरुवात करते. ६४ कुंड्या, तांब्या साधारण लिटरभराचा, म्हणजे ६४ लिटर. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दहा लिटरची बादली धरली तर सात खेपा. चढताना १२६ पायऱ्या, उतरताना तेवढ्याच. रोज सकाळी एका अख्ख्या माणसाच्या वजनाइतकं ओझं तुम्ही वरच्या मजल्यावर नेऊन ठेवता, तेही डबे भरून झाल्यावर आणि दहाच्या आत. ज्या काकूंना यात शांती दिसते त्यांच्या हातात एकदा दोन बादल्या द्या.

तुमच्यात काही कमी नाही. कमी आहे तो गच्चीवरचा एक नळ.

पत्रात टाकीचा उल्लेख नाही, पण तुमच्या भागात गच्चीवर टाकी नसलेलं घर मी तरी पाहिलेलं नाही. टाकीतून खाली जाणाऱ्या पाइपला गच्चीवरच एक टी जोडायचा आणि अर्ध्या इंची कॉक बसवायचा. प्लंबरचं अर्ध्या दिवसाचंसुद्धा काम नाही. सोबत तीस फूट पाइप घ्या. फवाऱ्याची तोटी घेऊ नका; टाकी गच्चीपासून जेमतेम माणूसभर उंच असते, तेवढ्या दाबाला ती तोटी नुसती थुंकते. उघड्या पाइपला अंगठा लावला की झालं. एप्रिल-मेमध्ये मात्र उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी चटका बसेल इतकं तापलेलं असतं. ते आधी बादलीत काढायचं आणि हाताला गार लागलं की मग कुंडीत. माझी एक तुळस मी अशी उकडून मारलेली आहे, म्हणून सांगते.

हा नळ इतकी वर्षं का नव्हता, हे मला कळतं. मामांना तो नकोच होता. निवृत्त माणसाला सकाळ लांबवायची असते. सात खेपा म्हणजे त्यांचा दीड तास, व्यायाम आणि कुणी मध्ये न बोलण्याची सोय. तुम्हाला तीच सकाळ आवरायची आहे. बादली तीच असली तरी ती त्यांच्या हातात वेगळी होती.

नळ आला की तुम्हालाही पाणी घालणं आवडायला लागेल, असं मात्र मी म्हणणार नाही. पाठ वाचेल, एवढंच.

माझे वडील शिरोळकडचे, ऊसवाले. लाईट रात्रीची असली की बॅटरी आणि खोरं घेऊन दारं धरायला जायचे. एक सरी भिजली की तिचं तोंड मातीनं बंद करायचं, दुसरीचं फोडायचं, आणि पाणी शेवटाला भिडेपर्यंत अंधारात बांधावर बसायचं. वर थंडी, खाली चिखल आणि पायाखाली कधी काय निघेल त्याचा नेम नाही. पाणी पाजण्यात आनंद वाटतो का, असं त्यांना कुणी विचारलं असतं तर त्यांनी विचारणाऱ्याच्या तोंडाकडं नुसतं बघितलं असतं. पण हेच वडील सकाळी परड्यात मोरीचं पाणी अळूकडं वळवत बसायचे. पायाच्या अंगठ्यानं माती सारायची, पाणी इकडून तिकडं न्यायचं, मग पुन्हा बुजवायचं. अर्धा-अर्धा तास चालायचं. आई आतून ओरडायची, चहा निवला. त्या अळूला तेवढं पाणी लागतही नव्हतं. पण अळू त्यांनी हौसेनं लावलेला होता, तो वाळला असता तर कारखान्याच्या बिलात काही फरक पडणार नव्हता, आणि त्यांना 'घातलंस का' म्हणून विचारणारं घरात कुणी नव्हतं.

तुमच्या गच्चीवर ६४ सऱ्या आहेत, वहिनी. त्यात तुमचा अळू एकही नाही.

आता मामांच्या नेमाकडं वळू, कारण निम्मं काम तिथंच कमी होणार आहे. प्रत्येक कुंडीला रोज एक तांब्या हा नेम चुकीचा आहे. मामांना राग येईल, पण हे माझ्या नावावर सांगा. आमच्या शिरोळ तालुक्यात ऊसाला पाणी जास्त दिल्यानं हजारो एकर जमीन क्षारपड होऊन बसली. पाणी मुरत राहिलं, निचरा झाला नाही, खालचे क्षार वर आले आणि जिथं ऊस उभा होता तिथं पांढरी फुफाटी दिसायला लागली. आता तीच रानं परत मिळवायला लोक जमिनीखाली भोकं असलेले पाइप पुरून पाण्याचा निचरा करताहेत. आधी पाणी आणायला पैसा, मग तेच पाणी काढायला पैसा. तुमच्या कुंड्यांच्या काठावर बाहेरून पांढरा थर दिसत असेल, तर तो त्याच जातीचा.

शेतकऱ्याकडं यासाठी एक शब्द आहे, वाफसा. माती ओली आहे पण चिखल नाही, मुठीत दाबली तर गोळा होतो आणि बोटानं टोचलं तर फुटतो, ती अवस्था. तेव्हा मातीत पाणीही असतं आणि हवाही असते. मुळांना दोन्ही लागतं. रोज तांब्या ओतत राहिलं की हवेची जागा पाणीच घेतं, मुळं गुदमरतात, कुजतात, आणि कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही. मग झाड मान टाकतं. तहानलेलं झाडही मान टाकतं आणि बुडालेलं झाडही तशीच टाकतं. मोबाइलच्या पडद्यावर यातलं कुठलं कुठलं ते मामांनाच काय, कृषी पदवीधरालाही सांगता येणार नाही. अनंत दोन्हीकडून रुसतो, आणि रुसला की आधी कळ्या गाळतो.

म्हणून बोट. तर्जनी दोन पेरं मातीत घाला. खाली ओल लागली तर पुढच्या कुंडीकडं चला. लहान कुंड्या उचलून बघा. कोरडी हलकी लागते, चार दिवसांत हाताला वजन कळायला लागतं. दुपारी तीनला जास्वंदीनं पानं पाडली म्हणून धावू नका, ती उन्हानं पाडते आणि संध्याकाळी उचलते. सकाळी सातलाही मान खाली असेल तर मात्र बोट घालून खरं कारण शोधा. नारळाच्या भुश्शात लावलेली कुंडी एकदा पुरती कोरडी झाली की पाणी पीतच नाही. भुसा आकसून कडेला फट पडते आणि ओतलेला तांब्या त्या फटीतून सरळ खाली निघून जातो. वरून बघणाऱ्याला वाटतं, घातलं. अशी कुंडी टबात अर्धा तास बुडवून ठेवायची.

कोरफड, अडेनियम, सापाच्या पट्ट्यासारखी ती उभी पानं, असलं काही असेल तर त्याला उन्हाळ्यातही आठवड्यातून एकदा पुरतं, थंडीत त्याहून कमी. बोगनवेलीला तर ताण द्यावाच लागतो. तिला रोज पाणी मिळालं की ती नुसती पानं आणि काटे वाढवत बसते. जरा उपाशी ठेवली की रंगावर येते. मोगऱ्यालाही डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडायचं, छाटायचं, मग उन्हं तापायला लागली की पुन्हा सुरू करायचं. डाळिंबवाले बहार धरतात तसंच हे. उरली जास्वंद, तुळस, पुदिना, अनंत आणि लहान मातीच्या कुंड्यांतली रोपं. मार्च ते मे त्यांना रोज लागतं, वळीव पडला तर त्या दिवशी सुट्टी. माझ्या अंदाजानं ६४ मधल्या वीस-पंचवीस कुंड्यांनाच रोजचं पाणी लागत असेल, तेही उन्हाळ्यात.

पावसाळ्यात तर छत्री धरून पाणी घालणारे लोक मी पाहिलेत. दहा इंची तोंडाच्या कुंडीवर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर तिच्यात सव्वा लिटर पाणी येतं, म्हणजे मामांचा तांब्या आणि वर पेलाभर. अडचण एकाच जातीची: पानांचा पसारा मोठा असेल तर पाऊस कुंडीबाहेर ओघळतो आणि वर धो-धो असूनही माती कोरडी राहते. तिथं पुन्हा बोट. कुंडीखालच्या थाळ्या जूनमध्ये काढूनच टाका, आठवडाभर साचलेलं पाणी म्हणजे डेंगीच्या डासांचं बाळंतघर. काळम्मावाडीच्या धरणातून पन्नासएक किलोमीटर पाइपातून पाणी आणायला या शहराला किती वर्षं लागली ते आपण पाहिलंय. २०२३ च्या दिवाळीत ते पोचलं. तसलं पाणी जिना चढवून कुंडीच्या भोकातून पन्हाळीत सोडायचं, हा नेम मोडला तर कुठलाही देव कोपणार नाही.

हे झालं झाडांचं. खरी गाठ मामांची आहे.

तुम्हाला वाटतं, ते कॉलवर तुमची तपासणी करतात. थोडी करतातही. पण मला दुसरंच दिसतं. त्या माणसाची रोजची दीड तासाची जागा ऑपरेशनच्या दिवशी गेली आणि ती गेली हे घरात कुणी बोललंही नाही. गुडघ्यांबद्दल सगळे विचारतात, बागेबद्दल कोण विचारतंय? आता ते तुमच्या हातानं पाणी घालतात. हात तुमचा असल्यामुळं तो त्यांच्या मनासारखा चालत नाही, म्हणून सूचना. हे समजून घ्या म्हणजे सोसत राहा, असं मात्र मी सांगत नाही. समजून घेतलं की बोलणं सोपं जातं, तेवढ्यासाठी.

मिस्टरांना मध्ये घालू नका, ते 'बघू' म्हणतील. आणि महिन्याला दोन वाळू देण्याची त्यांची युक्ती तर मुळीच ऐकू नका. आठ महिन्यांत सोळा कुंड्या मेल्या की मामांना कळणार, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर ते तुमच्याच हातून झालेलं असणार. झाड कमी करायचं तर तोंडानं सांगून करायचं. तुम्ही स्वतः चहाच्या वेळी, फोन बाजूला ठेवून, बसून बोला. काय बोलायचं तेही सांगते:

"मामा, ६४ मला झेपत नाहीत. बारा कुंड्या खाली तुमच्या दाराशी आणतो. त्या तुमच्या, त्यात मी बोलणार नाही. वीस वर ठेवतो, त्या माझ्या, त्यांना कधी पाणी घालायचं ते मी ठरवणार. बाकीच्या कुणाकुणाला द्यायच्या ते तुम्ही सांगा."

शेवटचं वाक्य विसरू नका. कुठलं रोप कुणाकडं जाणार हे मामांनी ठरवायचं. त्यांच्या ऑफिसातला कुणी जुना सोबती, कुणी भाचीची जाऊ, तालमीतला कुणी, अशी माणसं त्यांच्या डोक्यात असणारच. मृगाचा पाऊस सुरू झाला की रोपं हलवायला बरं, तगतात. द्यायच्या वेळी कुंडीसकट द्या. माती झटकून, मुळं उघडी करून पिशवीत दिलेलं रोप म्हणजे दिल्यासारखं करणं.

खाली आणायच्या बारांत मोगरा, अनंत आणि तुळस घ्याच, अंगणात चार-पाच तास ऊन येत असेल तर. कुंड्या जमिनीवर ठेवू नका. कंबरेइतक्या उंचीचा बाक किंवा लोखंडी स्टँड बघा, म्हणजे मामांना वाकावं लागणार नाही. अर्धी भरलेली छोटी झारी ते उचलू शकतील का, हे एकदा त्यांच्या डॉक्टरांना विचारा. परवानगी मिळाली तर झारीही त्यांची त्यांना निवडू द्या. कुंड्या खाली आणायचं काम मिस्टरांचं आणि दहावीतल्या चिरंजीवांचं, एका रविवारी. दहावीतल्या मुलांचे हात बोर्डाकडं जमा केलेले नसतात.

मामा आठवडाभर घुम्यासारखे बसतील. बसू द्या. ते त्या बारांना रोज तांब्याभर पाणी घालतील आणि त्यातली दोन मरतील. मरू द्या, त्यांची आहेत.

व्हिडिओ कॉलही बंद करू नका, रविवारवर आणा. त्या दिवशी तांब्या हातात घ्यायचा नाही. नुसतं दाखवायचं.

वरच्या विसांचा ताप आणखी कमी करायचा असेल तर ठिबक बसवा. बागेला ठिबक म्हणजे लेकराला पाळणाघरात ठेवल्यासारखं, असं मला एकदा एका ओळखीच्या बाईंनी सुनावलं होतं. मला तसं काही वाटत नाही. तासाला चार लिटरचा ड्रिपर पंधरा मिनिटं चालला की लिटरभर पाणी पडतं, तेवढ्यात तुमचा एक डबा भरून होतो. टाकीचा दाब कमी, त्यामुळं लांबच्या कुंडीला थोडं कमी मिळेल. जास्त पिणाऱ्या कुंड्या टाकीजवळ लावा. मे महिन्यात चार दिवस गावाला जायचं असेल तर शाहूपुरीच्या नाहीतर पापाच्या तिकटीच्या कुंभार गल्लीत जाऊन बिनरंगी, कच्च्या भाजणीची लहान मडकी मिळतात का बघा. ती मोठ्या कुंडीत गळ्यापर्यंत पुरायची, पाणी भरायचं, वर थाळी झाकायची. मडकं पाझरतं आणि माती लागेल तेवढंच ओढते. कुंडीच्या मातीवर पालापाचोळा पसरा, ऊसाचं पाचट मिळालं तर फारच छान. आपल्याकडं त्याला तोटा नाही, रानात पेटवतात त्यातलंच पोतंभर मागून आणायचं.

आता आनंदाचं. तुम्ही विचारलंय, बाकीच्यांना मिळतो तो मला का नाही. बाकीच्यांतली एक मी आहे, तर माझं सांगते. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, घामानं ब्लाउज पाठीला चिकटलेला असताना, मला पाणी घालणं अजिबात आवडत नाही. मी टाळते, मुलीवर ढकलते. एका वर्षी तर लग्नसराईत सगळ्या शेवंत्या मी घालवल्या. तुमच्या शेवंतीबद्दलही एक सांगायचं राहिलं: ती मेलीच असं कशावरून? शेवंती फुलून गेली की वरून वाळते आणि बुडातून नवे फुटवे काढते. कात्रीनं चार बोटं ठेवून वरचं कापा आणि पंधरा दिवस थांबा. तुम्ही ज्या मरणानं बरं वाटून घेतलंत ते कदाचित झालेलंच नाही.

मला हे काम आवडतं की नाही ते मला २०१९ च्या ऑगस्टमध्ये कळलं. पंचगंगेनं शहराला वेढा घातला होता, उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि नळ कोरडे पडले. घराबाहेर चौफेर पाणी आणि घरात प्यायला नाही, अशी ती तऱ्हा. आम्ही पागोळ्यांखाली पातेली लावून भांड्यांपुरतं पाणी धरत होतो. घरातल्या सगळ्या जिवांत पाणी न मागणारी फक्त कुंड्यांतली झाडं होती, ती वरून मिळालेल्या पाण्यानं बेजार झालेली. तरी मी रोज सकाळी गच्चीवर जात होते. करायला काही नव्हतं. एक कुंडी जरा तिरकी करून साचलेलं पाणी सोडायचं, अबोलीचं एक पान उलटून बघायचं, गोगलगाय उचलून टाकायची. पाच मिनिटं. खाली आले की पुन्हा पातेली.

तुम्हीही जुलैत हे करून बघा. पाऊस लागलेला असेल, पाणी घालायचं कारण नसेल, नळ बंद, कॉल नाही. तेव्हा एखाद्या सकाळी उगीच वर गेलात तर तुमच्या विसांतली दोन-चार तरी तुमची झाली म्हणायची. नाही गेलात तरी काही बिघडत नाही. मग तीही वाटून टाका, एक तुळस ठेवा, आणि काकूंनी भिंतीपलीकडून विचारलं तर सरळ सांगा, आम्हाला बुवा नाही आवडत. कोल्हापुरात न आवडणारी गोष्ट तोंडावर सांगायला कुणाची परवानगी लागत नाही.

राहिलं ब्रह्मकमळ. मामांना सांगा, उलटं आहे. आपल्या घरी असतं ते ब्रह्मकमळ हिमालयातलं नव्हे. ते निवडुंगाच्या कुळातलं, मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडच्या जंगलातलं. तिथं ते झाडांच्या फांद्यांवर, पालापाचोळ्याच्या चिमूटभर मातीत वाढतं. त्याला पायात सतत ओल चालत नाही, आणि मोठी कुंडी, भरपूर शेणखत दिलं की ते नुसती पानं काढत सुटतं. कुंडी लहान ठेवा. माती भुसभुशीत हवी, विटांचे तुकडे घातलेली. दुपारचं ऊन नको, सकाळचं कोवळं चालेल. थंडीत पाणी अगदी कमी, पंधरा दिवसांनी एकदा पुरे. मामांच्या बारांत हीही कुंडी आणा, पण हिचा तांब्या तेवढा तुम्ही तुमच्या हातात ठेवा.

पावसाळ्यात पानाच्या खाचेतून लालसर देठाची बारीक कळी वाकून बाहेर येईल. त्यानंतर कुंडी हलवायची नाही, फिरवायचीही नाही, कळ्या गळतात. दोन-तीन आठवड्यांनी कळी फुगून टोक वर उचलेल, तेव्हा समजा आज-उद्या. रात्री नऊ-साडेनऊनंतर उमलायला लागतं, मध्यरात्री पूर्ण उघडतं आणि उजाडेपर्यंत मिटून लोंबतं. दाराशी असलं तर मामांना जिना चढायला लागणार नाही. त्या रात्री त्यांची खुर्ची बाहेर काढा, आणि मिस्टरांची शिफ्ट बघून ठेवा.